आपण म्हणजे कोण?

६ फेब्रुवारी

वन्सं,

हाक वाचून दचकू नकोस. पन्नाशीच्या बाईला वन्सं म्हणणारी मी शेवटचीच वहिनी उरले असेन, पण तुला चिडवायला माझ्याकडे दुसरं हक्काचं काही नाही. फोन करायचा सोडून पत्र काय लिहितेय, असं म्हणशील. फोन वाजतो तो आईंच्या खुर्चीशेजारी. त्यांना चालवत नाही, पण ऐकू इतकं येतं की स्वयंपाकघरात मी सुस्कारा टाकला तरी आतून 'काय गं?' येतं. मोबाईल घेऊन जिन्यात गेले तर 'कोणाशी चोरून बोलत होतीस?' म्हणून चौकशी. त्यामुळे दर रविवारी तू 'बरंय' म्हणतेस, मी 'बरंय' म्हणते, आणि आपल्या गप्पा आटोपतात.

आईंचं आहे तसंच चाललंय. सकाळी उठवून बसवायचं, वॉकरला धरून न्हाणीघरापर्यंत न्यायचं, स्टुलावर बसवायचं, आंघोळ घालायची, पुसायचं, उचलून उभं करायचं आणि परत आणायचं. एवढं झालं की मला वाटतं दिवस संपला, आणि घड्याळात बघावं तर आठ वाजलेले असतात.

बाकी विशेष काही नाही. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. तुझ्या दादाचा चष्मा रोज हरवतो आणि रोज त्याच्याच कपाळावर सापडतो. डॉक्टरीणबाईंनी माझी पिशवी काढून टाकायला सांगितलंय, रक्त फार जातं म्हणून. अठरा मार्चची तारीख दिलीय. नंतर महिनाभर काही उचलायचं नाही म्हणे. तेव्हा आईंचं काय ते आपण बघू. तू काळजी करू नकोस. नळवाला येतो म्हणाला होता, अजून त्याचा पत्ता नाही.

तुझी
वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्याकडे आपणसाहेबांची लाट आली होती. हे कोण ते तुला सांगायचं राहिलंच. आमच्या हॉटेलच्या धुलाईखात्याला नवे मॅनेजर आलेत. माणूस गोड. कधी आवाज चढवत नाहीत. फक्त 'मी' आणि 'तुम्ही' हे दोन शब्द त्यांच्या घरी कुणी शिकवलेले दिसत नाहीत. 'आपण आज जरा थांबू हं,' असं म्हणतात आणि सहाला घरी जातात. थांबतो आम्ही. 'आपण त्या चादरी परत धुऊन टाकू.' धुतो आम्ही. मुलींनी त्यांचं नाव आपणसाहेब ठेवलंय, आणि मी मुकादम असूनही हसते.

परवा म्हणाले, 'आपण रविवारी येऊन सगळ्या खोल्यांचे पडदे संपवू.' मी म्हटलं, 'बघते.' रविवारी पोचले तर रोलर तापवायला मी, पडदे सरकवायला मी, पलीकडून धरायला एक नवी मुलगी, आणि आपणसाहेबांचा फोन: 'काय, झाले का आपले पडदे?' तो रोलर म्हणजे इस्त्रीचा भिंतीएवढा गरम दांडा असतो गं. ओला पडदा दोन्ही हातांनी ताणून आत द्यायचा. संध्याकाळी बसमध्ये तिकिटाचे पैसे बोटांत धरता येईनात. पण बोलायचं कुणी? सगळ्यांना वाटतं, ही एकटीच राहते, हिला कसला व्याप.

तुझ्या ऑपरेशनचं वाचलं. घाबरू नकोस, हल्ली हे फार सोपं झालंय, आमच्यातल्या दोघींचं झालं आणि दोघी ठणठणीत आहेत. दादाला रजा मिळेलच. आईचं आपण बघू म्हणालीस, ते वाचून जिवाला बरं वाटलं. काही लागलं तर मोकळेपणानं सांग, संकोच करू नकोस.

तुझी
नणंद

५ मार्च

वन्सं,

घाईत लिहितेय. खिडकीकडचा पलंग मोकळा केलाय. त्यावरचे खोके माळ्यावर टाकले. नवी चादर घातलीय, तुमच्यासारखी कडक इस्त्री नाही, पण चालवून घे. त्या खोलीतलं कपाटही अर्धं रिकामं केलंय.

आई परवा विचारत होत्या, तुझी हल्ली रजा कशी असते. मी म्हटलं, तिची ती बघेल. बाकी भेटीत.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

काल दादाचा फोन आला. म्हणे, ऑपरेशन पुढे ढकललं, 'तू आली नाहीस ना, म्हणून.' मी भर जेवणाच्या सुट्टीत, हातात डबा, आणि बाकीच्या मुली बघतायत. मला वाटलं होतं एव्हाना टाके निघाले असतील. दोन रविवार फोन केला, दोन्ही वेळा तू म्हणालीस, 'बरंय.' मी समजले, ऑपरेशन बरं झालं.

तू मला बोलावलंस कधी? दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. पहिल्यात 'आईंचं आपण बघू' आहे आणि त्यापुढे 'तू काळजी करू नकोस'. 'आपण' म्हणजे तू आणि दादा, असंच कुणीही वाचेल. दुसऱ्यात पलंग आहे. मी दर वर्षी मे महिन्यात येते, मला वाटलं तू हौसेनं आधीच तयारी केलीस. 'तुझी रजा कशी असते' हे आई विचारते, तू नाही विचारत. मी काय पत्र उन्हात धरून बघायचं होतं, मधे काही उमटतं का म्हणून?

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, तो लपवत नाही. दादाच्या बोलण्यात मी दोषी, आईच्या मनात मी दोषी, आणि माझा दोष काय, तर मला न विचारलेलं मी ऐकलं नाही.

तब्येत कशी आहे ते तरी नीट लिही.

नणंद

६ एप्रिल

वन्सं,

रागावलीस ते बरं केलंस. निदान एका तरी पत्रात कुणी काहीतरी सरळ लिहिलं.

तब्येत विचारलीस. जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. रक्त फार कमी झालंय, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीणबाई रागावल्या. म्हणाल्या, आणखी ढकललंत तर मग बाहेरून रक्त चढवून ऑपरेशन करावं लागेल. आता बारा मे दिलीय.

आता तुझ्या 'आपण'कडे येते. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. शाळेपुरतं ते खरं असेल. या घरात त्याचा अर्थ मी. तुझा दादा म्हणतो, 'आज आपण कपाटं आवरू,' आणि वर्तमानपत्र घेऊन बसतो. 'आपण आईला तपासून आणू' म्हणजे रिक्षा मी आणायची, आईंना मी बसवायचं, आणि संध्याकाळी त्यानं विचारायचं, 'काय म्हणाले आपले डॉक्टर?' तुझ्या मॅनेजरचं वाचून मी इतकी हसले की आईंनी आतून विचारलं, काय झालं. काय सांगू, म्हटलं, तुमच्या मुलाचा जुळा भाऊ सापडला.

आणि तूही काही कमी नाहीस. मागच्या वर्षी गाडीच्या खिडकीतून हात हलवत म्हणालीस, 'वहिनी, आपण आईला कधी परकं वाटू द्यायचं नाही.' गाडी सुटली. पाठीमागे उरले कोण? इतकी वर्षं तुम्ही बहीणभाऊ हा शब्द वापरता आणि मी त्याचा अर्थ 'मी' असा बिनबोभाट लावून घेते. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा तो तुमच्यासाठी वापरला. पहिल्यांदा तुला आत घेतलं, आणि नेमकी तेव्हाच तू बाहेर राहिलीस.

अठराला सकाळी माझी कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. तुझ्या दादानं विचारलं, 'तिला कळवलंयस ना?' मी म्हटलं, हो. 'मग येईल की,' म्हणून तो ऑफिसला गेला, तिथून परस्पर दवाखान्यात येणार होता. मी खिडकीत उभी. रिक्षा थांबली की वाटायचं तूच. दहा वाजून गेल्यावर दवाखान्यात फोन केला, घरात आजारी माणूस आहे, येता येत नाही. मग पिशवीतलं लुगडं काढून परत दांडीवर टाकलं. आई आतून म्हणाल्या, 'कोण यायचं होतं गं?' मी म्हटलं, कुणी नाही.

आमच्या माहेरी पानावर बसून मागायची पद्धत नव्हती. वाढणाऱ्याला दिसायला हवं, असं होतं. ज्याला मागावं लागतं त्याचं घरात कुणाला काही वाटत नाही, असा हिशेब. तो डोक्यात असा बसलाय की मागायची वेळ आली की माझी जीभच उचलत नाही. मी फक्त पलंग मोकळा करते.

ये, असं म्हणत नाही. तुझं तू बघ.

वहिनी

१५ एप्रिल

वहिनी,

हे बघ, परत तेच! एवढं चार पानी भांडलीस आणि शेवटी 'ये, असं म्हणत नाही'. मग काय म्हणतेस? मी हे कसं वाचू? गेल्या वेळी चुकले, आता पुन्हा परीक्षेला बसवतेस?

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आपणसाहेब म्हणाले, 'या रविवारी आपण उशांचे अभ्रे काढून टाकू.' कोण जाणे कुठून तोंड फुटलं. मी विचारलं, 'साहेब, आपण म्हणजे कोण?'

'म्हणजे?'

'मी किती वाजता येऊ, आणि तुम्ही किती वाजता येणार?'

ते हसले. मी हसत नाही असं बघून थांबले. म्हणाले, 'अहो, ती एक बोलायची पद्धत असते.'

'मग माझी पद्धत सांगते. या रविवारी मी येणार नाही. मे महिन्यात मला पंधरा दिवस रजा हवीय, घरी ऑपरेशन आहे. आणि मला रोलरवर उभं करू नका, माझी मनगटं कामातून गेलीत.'

मुली मशीन बंद करून ऐकत होत्या. साहेब अजिबात रागावले नाहीत. रजा दिली, बिनपगारी. आणि म्हणाले, 'मनगटं दुखत असतील तर मुकादमी दुसऱ्या कुणाला देऊ आपण.' सोमवारपासून मी मळक्या कपड्यांच्या टेबलावर आहे, डाग बघून ढीग वेगळे करते. माझ्या जागी माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी आली. ती मला अजून 'मॅडम' म्हणते आणि मग जीभ चावते. स्पष्ट बोललं की सगळं मार्गी लागतं असं मासिकांत छापतात. छापणाऱ्यांनी कधी नोकरी केलेली नसावी. मला बोलल्याचा पस्तावा नाही, पण घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले, तेही तुला सांगते.

मनगटांचं कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. वहिनी, 'आईंचं आपण बघू' हे वाचलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दोन अर्थ होतात हे मला दिसलंच नाही असं नाही, मी सोयीचा तेवढा घेतला. कारण आले असते तर आईला उचलावं लागलं असतं, आणि ती माझ्या हातातून सुटली असती तर? या भीतीनं मागच्या मे महिन्यातही मी तिच्या आंघोळीच्या वेळी बाजारात जायचे. तुला वाटलं असेल, माहेरपणाला आली, मजा करतेय.

तर माझं असं आहे. अकरा मेपासून पंधरा दिवस मी येऊ शकते, त्याच्यावर एक दिवस नाही. स्वयंपाक करीन, औषधं देईन, रात्री उठेन. आईला उचलणार नाही.

आता तुझी पाळी. एक पत्र असं लिही, की ज्यात 'आपण' नसेल, 'जमलं तर' नसेल आणि 'काळजी करू नकोस' तर मुळीच नसेल. तुला काय हवंय ते लिही. मला जमणार नसेल तर नाही म्हणीन, तू मरणार नाहीस आणि मीही नाही.

नणंद

२९ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझी मनगटं दिसली. तू बाजारात जायचीस तेव्हा मी मनातल्या मनात तुला काय काय म्हणत असे, ते लिहीत नाही. माफ कर.

सोपं लिहायला सांगितलंस आणि मी दोन आठवडे घेतले. आधी घरात बोलायचं ठरवलं. जेवताना तुझ्या दादाला म्हटलं, 'बारा मेपासून महिनाभर आईंना रोज सकाळी आंघोळ तू घालायचीस. मला ते करता येणार नाही, आणि वन्संनाही नाही.' वाटत होतं, जसं काही मी त्याच्याकडे त्याची किडनी मागतेय. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, 'एवढंच ना? आधी बोलायचं.'

वन्सं, मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि दात ओठ खाऊन रडले. आधी बोलायचं! अकरा वर्षं मी त्याच्यासमोर कंबर धरून उठतेय, सुस्कारे टाकतेय, आयोडेक्सच्या वासात झोपतेय. हे सगळं बोलणंच होतं की. त्याला ते ऐकू येत नव्हतं, की एका वाक्यात सांगेपर्यंत न ऐकणं त्याला परवडत होतं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर त्यालाही सांगता येणार नाही.

बाहेर आले तर आतून आईंचा आवाज. 'त्याच्या हातून नको हं. मेले तरी नको.'

घ्या! मी जाऊन त्यांच्या पलंगावर बसले. म्हटलं, 'मग कुणाच्या हातून? सरळ सांगा, मी आज ऐकून घ्यायला बसलेय.'

त्यांनी पांघरुणाची कड चाचपली. मग म्हणाल्या, 'बाई ठेव.'

'बाई? परकं माणूस अंगाला लावून घ्यायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात.'

'ते यांच्यासमोर म्हटलं होतं. यांना खर्च नको होता. हे जाऊनही किती वर्षं झाली, नंतर मला कुणी विचारलंच नाही.'

'मला सांगायचं होतं.'

'तुला कसं सांगू? पाणी कोमट असलं तरी तुला सांगवत नाही. पाठ नीट चोळ म्हणवत नाही. तू दमलेली दिसतेस, मग मी आपली म्हणते, राहू दे, झाली आंघोळ. पैसे दिलेल्या बाईला कसं, हक्कानं सांगता येतं.'

मी तिथे बसून हसायला लागले. मला थांबताच येईना. एवढी वर्षं मी माझी कंबर मोडून घेतली आणि त्यांनी निम्मी आंघोळ करून माझी दया केली. दोघींनी एकमेकींसाठी इतका त्याग केला की दोघींची पाठ तशीच राहिली.

बाई मिळाली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे येते तीच. पहिल्याच दिवशी आई तिला म्हणाल्या, 'अजून गरम ओत. डाव्या खांद्याखाली चोळ. तिथे नाही, खाली.' मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला बरंही वाटलं आणि अपमानही वाटला, दोन्ही खरं लिहितेय.

रात्री उठवायचं आणि बसवायचं तुझा दादा करणार आहे. सराव चालू आहे. उचलताना तोंडानं ट्रक चढावर चढल्यासारखा आवाज करतो, आई म्हणतात, मुकाट्यानं उचल. तेव्हा आईंची सोय झाली. त्यांच्यासाठी तुला यायची गरज उरली नाही. हे वाचून तुला पुन्हा सुटल्यासारखं वाटेल, म्हणून पुढचं लगेच लिहिते.

तू ये. अकराला ये, बाराला माझ्याबरोबर दवाखान्यात चल. मला त्या भुलीची भीती वाटते. दिवसा वाटत नाही, भांडी लावताना अचानक वाटते, आणि हातातलं तसंच धरून उभी राहते. शुद्धीवर येईन तेव्हा खुर्चीत तू हवीस. तुझा दादा नको. तो घाबरतो आणि मग मलाच त्याला धीर द्यावा लागतो. मला त्या दिवशी कुणाला धीर द्यायचा नाहीये. मला कुणाचा तरी हात धरून रडायचंय. तुझा चालेल, दुखऱ्या मनगटाचा, मी जोरात धरणार नाही.

हे वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. आता खोडायच्या आत पाकिटात घालते.

वहिनी

४ मे

वहिनी,

अकराला दुपारी पोचते. तिकीट काढलं. बाराला तुझ्याबरोबर येणार, आणि तू डोळे उघडशील तेव्हा खुर्चीत मीच असेन. हात हवा तेवढा जोरात धर.

रविवारी फोन केला तेव्हा तू भाजी आणायला गेली होतीस. आई फोनवर होती. तिला वाटलं मी तिच्यासाठी येतेय. म्हटलं, नाही आई, या खेपेला मी वहिनीसाठी येतेय. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, 'मला पण तिच्या जिवाची फार भीती वाटतेय गं. रात्र रात्र झोप लागत नाही. पण तिच्या तोंडावर कसं म्हणू?'

म्हणून मी लिहून कळवतेय. हे पत्र वाचलंस की आत तिच्याजवळ जाऊन बस.

तुझी
नणंद